क्रूझवर स्वतःच्या जबाबदारीवर पोर्ट फिरायचे असतील तर: वेळ, तिकिटं, टॅक्सी आणि पैशांचा पूर्ण हिशोब

क्रूझ बुक झाली की कंपनीचे ईमेल सुरू होतात, या पोर्टची टूर इतके डॉलर, त्या पोर्टची इतके, आणि घरातली चार माणसं आणि पाच-सहा पोर्ट धरले की नुसत्या टूर्सचा आकडा क्रूझच्या तिकिटाच्या आसपास जाऊन पोचतो. मग बरेच जण घाबरून सगळं कंपनीकडूनच बुक करतात नाहीतर वैतागून काहीच बुक करत नाहीत आणि बंदराबाहेरच्या दुकानांमधे फिरून परत येतात. खरं तर बहुतेक पोर्ट आपले आपण आरामात बघता येतात, आणि जास्त चांगले बघता येतात, कारण पन्नास माणसांच्या बसमधला निम्मा वेळ माणसं मोजण्यात आणि शॉपिंग स्टॉपमधे जातो. फक्त प्लॅनिंग उलट्या बाजूने करावं लागतं, म्हणजे आधी परत कसं यायचं ते ठरवायचं आणि मग काय बघायचं ते.

पहिली पायरी: जहाज नक्की कुठे लागणार ते शोधा

आयटिनररीवर (क्रूझच्या वेळापत्रकावर) "रोम" लिहिलेलं असतं पण रोमला समुद्र नाही. जहाज लागतं चिविटावेकियाला, तिथून रोम साधारण ८० किलोमीटर. "फ्लोरेन्स / पिसा" म्हणजे लिव्होर्नो, "पॅरिस" म्हणजे ल हाव्र, तिथून पॅरिस ट्रेनने एका बाजूचे दोन तासांच्या वर, "बर्लिन" म्हणजे वार्नमुंडे, एका बाजूचे जवळपास तीन तास. "बँकॉक" म्हणजे बऱ्याचदा लॅम चबांग, तिथून रस्त्याने दोन तास आणि ट्रॅफिक लागलं तर त्याहून जास्त. व्हेनिसमधे तर २५ हजार टनांवरच्या जहाजांना ऑगस्ट २०२१ पासून जुन्या शहरासमोरच्या कालव्यातून जायला बंदी आहे, त्यामुळे "व्हेनिस" लिहिलेली क्रूझ प्रत्यक्षात मार्गेरा, त्रिएस्ते किंवा राव्हेनाला लागू शकते, आणि त्रिएस्तेहून व्हेनिस ट्रेनने दोन तासांच्या आसपास आहे. बुकिंग करायच्या आधीच हे बघितलेलं बरं.

याच्या उलट काही पोर्ट इतके सोपे आहेत की तिथे टूर घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. कोटोरला जहाजातून उतरलं की समोर जुन्या शहराची तटबंदी. डुब्रोवनिकला ग्रुझ बंदरापासून जुनं शहर तीनेक किलोमीटर, सिटी बस जाते. पिरेयसहून अथेन्सला मेट्रो आहे. बार्सिलोनात बंदरातून कोलंबसच्या पुतळ्यापर्यंत शटल बस आणि तिथून रांब्ला हा प्रसिद्ध रस्ता चालत. अशा ठिकाणी एक नकाशा आणि चांगले बूट एवढंच लागतं.

प्रत्येक पोर्टसाठी तीन गोष्टी लिहून काढा: टर्मिनलचं नाव, शहराच्या मध्यापर्यंतचं अंतर, आणि जहाज धक्क्याला लागणार की समुद्रात नांगर टाकून छोट्या बोटीने नेणार. या छोट्या बोटीला टेंडर म्हणतात आणि टेंडर पोर्ट असेल तर सगळा हिशोब बदलतो, त्यावर पुढे येतो. क्रूझमॅपर, व्हॉट्स इन पोर्ट अशा साइट्सवर हे मिळतं, शिवाय त्या दिवशी अजून किती जहाजं आहेत तेही दिसतं, आणि पाच जहाजं असतील तर टॅक्सीपासून म्युझियमपर्यंत सगळीकडे गर्दी असणार हे धरून चाला.

दुसरी पायरी: हातात खरा वेळ किती

आयटिनररीवर सकाळी ८ ते संध्याकाळी ६ लिहिलंय म्हणजे दहा तास मिळाले असं नाही. ८ ला जहाज लागतं, क्लिअरन्स होऊन माणसं उतरायला अर्धा तास जातो, आणि ६ ही निघायची वेळ आहे, आत असायची वेळ म्हणजे ऑल अबोर्ड ही साधारण अर्धा तास आधी, काही कंपन्यांची एक तास आधी. ती त्या दिवसाच्या पत्रकात आणि उतरायच्या दारापाशी बोर्डवर लिहिलेली असते. त्याच्या आधी स्वतःचा किमान दीड तास राखून ठेवा, लांबचं शहर असेल तर दोन.

रोमचंच घेऊ. साडेआठला उतरलात, बंदराची शटल, मग स्टेशन, साडेनऊच्या सुमाराची ट्रेन, सान पिएत्रो स्टेशनला उतरलात तर साडेदहा. आता उलट बाजूने. ऑल अबोर्ड साडेपाच, म्हणजे चिविटावेकियाला साडेतीन ते पावणेचारपर्यंत परत, म्हणजे रोमहून पावणेतीनच्या आसपास ट्रेन. हातात उरले चार तास आणि थोडे वर. चार तासांत सेंट पीटर्स आणि आजूबाजूचा परिसर नीट होतो, किंवा कलोसियम आणि फोरम नीट होतं, दोन्ही करायला गेलात तर दोन्हीकडे फक्त फोटो काढून पळायचं होतं. एका पोर्टला एक मोठी गोष्ट आणि वेळ उरला तर एक छोटी, यापेक्षा जास्त ठरवू नका, आणि परतीची जी ट्रेन ठरवाल ती चुकली तरी त्याच्या नंतरच्या ट्रेनने वेळेत पोचता आलं पाहिजे, वेळेत पोचवणारी अगदी शेवटची ट्रेन पकडायची असं कधीच ठरवू नका.

आणि घड्याळ. ही गोष्ट लोक फार हलक्यात घेतात. जहाजाची वेळ आणि स्थानिक वेळ वेगळी असू शकते, आणि जहाज निघतं ते जहाजाच्या वेळेने. मेक्सिकोतलं कोझुमेल ज्या राज्यात आहे तिथे घड्याळ वर्षभर बदलत नाही, फ्लोरिडात मात्र उन्हाळ्यात एक तास पुढे जातं, त्यामुळे जहाज फ्लोरिडाच्याच वेळेवर चालत असेल तर कोझुमेलला तुमच्या फोनवर ४ वाजलेले असताना जहाजावर ५ वाजलेले असतात. फोन टॉवर पकडून वेळ आपोआप बदलतो आणि तुम्ही आरामात बसलेले असता. उपाय सोपा आहे, मनगटावर साधं घड्याळ, जहाजाच्या वेळेवर लावलेलं, उतरताना दारातल्या घड्याळाशी एकदा जुळवून घ्यायचं.

तिसरी पायरी: कुठे कंपनीची टूर आणि कुठे आपलं आपण

कंपनीच्या टूरचा खरा फायदा एकच, ती उशिरा आली तर जहाज थांबतं किंवा पुढच्या पोर्टला पोचवायची जबाबदारी कंपनी घेते. तुम्ही स्वतः गेलात तर कोणी थांबत नाही. मार्च २०२४ मधे आफ्रिकेतल्या साओ तोमे बेटावर आठ प्रवासी खासगी टूरवरून उशिरा आले, जहाज अजून नांगर टाकूनच होतं, कोस्टगार्डच्या बोटीने त्यांना जवळ नेलंही, तरी आत घेतलं नाही, आणि मग ते लोक स्वतःच्या खर्चाने वेगवेगळ्या देशांतून प्रवास करत सेनेगलला जाऊन जहाज पकडू शकले. हे घाबरवायला सांगत नाहीये, पण कॅप्टनला दया येईल या भरवशावर प्लॅन करू नका.

माझं मत असं की जायला एका बाजूचा दीड तासापेक्षा जास्त वेळ लागत असेल, किंवा ट्रेन-बस दिवसातून मोजक्याच असतील, किंवा पुढचा पोर्ट दुसऱ्या देशात दोन दिवसांनी असेल, तर कंपनीची टूर घ्या आणि पैसे गेल्याचं वाईट वाटून घेऊ नका. बर्लिन, पॅरिस त्यात आलं. काही कंपन्या फक्त बस किंवा ट्रेनने नेऊन सोडणारी आणि परत आणणारी टूर विकतात, गाइड नाही, ती स्वस्त पडते आणि शहरात तुम्ही मोकळे असता, लांबच्या शहरांसाठी हा सगळ्यात चांगला मधला मार्ग आहे. बाकी चालत, मेट्रोने, अर्ध्या-पाऊण तासात होणारे पोर्ट आपले आपणच करा.

टेंडर पोर्टला वेगळा विचार लागतो. सॅंटोरिनीला जहाज समुद्रात उभं राहतं, टेंडरसाठी नंबर घ्यावा लागतो, कंपनीच्या टूरवाल्यांना आधी सोडतात. खालच्या जुन्या बंदरातून वर फिरा या मुख्य गावात जायला केबल कार किंवा ५८८ पायऱ्या. गाढवंही मिळतात पण कृपया घेऊ नका, त्या उन्हात त्या चढावर त्यांचे खरोखर हाल होतात. जाताना ठीक आहे पण दुपारी तीन-चार जहाजांचे लोक एकदम खाली उतरायला लागतात तेव्हा केबल कारची रांग तास दीड तासावर जाऊ शकते, त्यामुळे तिथे दीड तासाची राखीव वेळ पुरत नाही, अडीच ठेवा. आणि समुद्र खवळला तर टेंडर पोर्ट सगळ्यात आधी रद्द होतो, म्हणून अशा ठिकाणी न परत मिळणारी महागडी बुकिंग करू नका.

चौथी पायरी: तिकिटं आणि गाइड

वार बघा, वार! पोर्टचा दिवस तुम्ही बदलू शकत नाही. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं (महिन्याचा शेवटचा रविवार सोडून), फ्लोरेन्सचं उफिझी म्युझियम सोमवारी बंद, पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद. प्लॅनिंगच्या पहिल्या दिवशी हे तपासा, नाहीतर सगळं ठरवून झाल्यावर कळतं.

आता बऱ्याच मोठ्या जागांना ठरावीक वेळेचं तिकीट लागतं. बार्सिलोनाचं सग्रादा फामिलिया चर्च, रोमचं कलोसियम, अथेन्सचं अक्रोपोलिस हे सगळे त्यातलेच. नेपल्सजवळच्या पाँपेईत नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २० हजार लोकांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं. तिकीट अधिकृत साइटवरूनच काढा, गुगलवर सगळ्यात वर जाहिरातीत येते ती साइट बऱ्याचदा दुप्पट भावाने विकणाऱ्याची असते. वेळ निवडताना जहाज लागल्यापासून किमान अडीच तासांनंतरची निवडा, कारण जहाज उशिरा लागू शकतं.

खासगी गाइड किंवा छोट्या ग्रुपची टूर घेणार असाल तर बुक करायच्या आधी लेखी विचारून घ्या: जहाज त्या पोर्टला आलंच नाही तर पूर्ण पैसे परत मिळणार का, जहाज उशिरा आलं तर काय, भेटायची जागा टर्मिनलच्या आत की गेटबाहेर, आणि पैसे आत्ता किती आणि त्या दिवशी किती. जहाजाचं नाव आणि वेळ त्यांना कळवा. क्रूझवाल्यांबरोबर नेहमी काम करणारे लोक या प्रश्नांची उत्तरं पटकन आणि स्पष्ट देतात, जो आढेवेढे घेतो त्याला सोडून द्या. त्याच क्रूझवरच्या लोकांचे फेसबुक ग्रुप असतात, तिथे अजून चार जण मिळाले की व्हॅनचा खर्च निम्मा होतो, पण पैसे आधी कोण भरणार आणि आयत्या वेळी कोणी गळालं तर काय हे तेव्हाच बोलून घ्या.

टॅक्सीचं थोडक्यात सांगतो. भाडं बसायच्या आधी ठरवा, पूर्ण गाडीचं की माणशी ते विचारा, कुठल्या चलनात ते विचारा, जाऊन-येऊन ठरलं असेल तर सगळे पैसे परत आल्यावर द्या, नंबर प्लेटचा फोटो काढा. गेटमधून बाहेर पडून दोनशे मीटर चाललं की भाव बऱ्याचदा उतरतो.

व्हिसा ज्याच्या त्याने तपासायचा. काही देशांत जहाजाच्या टूरने उतरणाऱ्याला सूट असते पण स्वतः फिरणाऱ्याला व्हिसा लागतो, पासपोर्टप्रमाणे नियम बदलतो, म्हणून एजंटच्या तोंडी शब्दावर न राहता त्या देशाच्या सरकारी साइटवर बघा.

पैसे: जहाजावरचे

जहाजावर रोख चालत नाही, केबिनचं कार्ड दाखवायचं आणि सगळं खात्यावर चढत जातं. म्हणूनच ते वाढलेलं कळत नाही. पहिल्या दिवशी त्या खात्याला क्रेडिट कार्ड जोडा, डेबिट नको. कारण कंपनी रोज किंवा दर एक-दोन दिवसांनी कार्डावर रक्कम अडवून ठेवते, होल्ड म्हणतात त्याला, आणि डेबिट कार्डावर ते तुमच्या खात्यातले खरे पैसे अडकतात, क्रूझ संपल्यावरही काही दिवस सुटत नाहीत, मग पुढच्या शहरात हॉटेलचे पैसे भरायला गेलं की कार्ड डिक्लाइन. क्रेडिट कार्ड नसेल तर गेस्ट सर्व्हिसेसला (जहाजाच्या रिसेप्शनला) रोख डिपॉझिट भरता येतं, उरलेलं परत मिळतं.

दुसरं, ग्रॅच्युइटी. बऱ्याच कंपन्या माणशी दर दिवशी टिप आपोआप लावतात, लहान मुलांनाही. समजा १७ डॉलर असेल तर चार जण सात रात्री म्हणजे ४७६ डॉलर, आणि हे तिकिटात दिसत नाही. शिवाय ड्रिंक, स्पा यांवर वेगळे १८ किंवा २० टक्के. बजेटमधे हे पहिल्या ओळीत लिहा. ही टिप काढून टाका असं सांगणारे व्हिडिओ असतात, पण तुमची खोली रोज आवरणाऱ्या आणि रात्री उशिरापर्यंत भांडी घासणाऱ्या माणसांची कमाई बऱ्याच अंशी यावर चालते, मला ते काढणं अजिबात पटत नाही. त्याऐवजी एक ड्रिंक पॅकेज कमी घ्या.

ऑनबोर्ड क्रेडिट (जहाजावरच खर्च करायला मिळालेली रक्कम) मिळालं असेल तर ते परत मिळणारं आहे की वापरलं नाही तर जाणारं ते विचारा. जाणारं असेल तर ग्रॅच्युइटीत वळतं का बघा, नाहीतर शेवटच्या रात्री दुकानात नको ते घेतलं जातं. जहाजावरच्या एटीएमची फी जास्त, तिथला चलन बदलायचा भाव वाईट आणि कॅसिनोत खात्यावरून पैसे उचलले तर त्यावरही बऱ्याचदा टक्केवारीत फी, तिन्ही टाळा.

एक बारीक गोष्ट, बिल डॉलरमधे असतं पण काही कंपन्या शेवटी ते तुमच्या कार्डाच्या चलनात स्वतःच्या दराने बदलून लावतात. पहिल्याच दिवशी गेस्ट सर्व्हिसेसला जाऊन "मूळ चलनातच लावा" असं लिहून द्या, शेवटच्या सकाळी तिथे मोठी रांग असते.

पैसे: उतरल्यावरचे

हाच प्रकार किनाऱ्यावर प्रत्येक मशीनवर होतो. कार्ड मशीन किंवा एटीएम विचारतं की तुमच्या चलनात लावू की इथल्या. नेहमी इथल्या. तुमच्या चलनाचा आकडा ओळखीचा वाटतो म्हणून लोक तो दाबतात आणि तिथे बऱ्याचदा चांगले चार-पाच टक्के किंवा जास्त जातात. एटीएम बँकेच्या इमारतीला लागून असलेलंच वापरा, टुरिस्ट रस्त्यावर एकटं उभं असलेलं रंगीत मशीन नको.

किती रोख लागेल ते देशावर आहे. नॉर्वेत जवळजवळ काहीच नाही, तिकडे सगळं कार्डावर चालतं. इटली-ग्रीसमधे छोट्या बस, टॉयलेट, लहान दुकानं यासाठी युरोची नाणी आणि छोट्या नोटा लागतात. क्रोएशियात १ जानेवारी २०२३ पासून युरो आहे, बल्गेरियातही १ जानेवारी २०२६ पासून, जुन्या ब्लॉगवर वाचून कुना किंवा लेव्ह शोधू नका. कॅरिबियनमधे बऱ्याच बेटांवर अमेरिकन डॉलर घेतात पण सुटे स्थानिक चलनात मिळतात, म्हणून एक आणि पाचच्या नोटांचा गठ्ठा घरूनच न्या. एका दिवसाच्या पोर्टसाठी पूर्ण वेगळं चलन काढायची वेळ आली तर फार कमी काढा, उरलेलं परत बदलताना भाव आणखी पडतो.

कार्डं दोन न्या, वेगवेगळ्या बँकांची, शक्यतो एक व्हिसा एक मास्टरकार्ड, आणि परदेशी व्यवहारावर फी किती लागते ते आधी बघा. दोन्ही एकाच पाकिटात ठेवू नका, एक केबिनच्या तिजोरीत. रांब्ला, नेपल्सहून पाँपेईला जाणारी लोकल, रोममधली ६४ नंबरची बस इथे खिसेकापू असतात हे सगळ्यांना माहीत आहे तरी रोज लोकांची पाकिटं जातात.

आणि फोन. जहाज निघालं की एअरप्लेन मोड. समुद्रात फोन जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि त्याचं बिल साध्या रोमिंग पॅकमधे बसत नाही, नुसते ॲप अपडेट झाले तरी धक्का बसेल असं बिल येतं.

उतरताना पिशवीत काय

केबिनचं कार्ड, फोटो असलेलं ओळखपत्र, पासपोर्टचा फोटो (आणि तो देश मूळ पासपोर्ट मागत असेल तर मूळ), रोजची औषधं एक दिवस जास्तीची, पॉवर बँक, ऑफलाइन नकाशा, आणि त्या दिवसाच्या पत्रकाचा फोटो ज्यात पोर्ट एजंटचा (बंदरावरच्या कंपनीच्या प्रतिनिधीचा) नंबर असतो. जहाजावरची फळं-सँडविच बाहेर नेऊ नका, बऱ्याच देशांत बंदी आहे आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमधे त्यावर मोठा दंड होतो.

उशीर होणार असं दिसलं की जहाज निघायची वाट न बघता लगेच पोर्ट एजंटला फोन करा. जहाज गेलंच तर त्याच्या ऑफिसला जा, बऱ्याचदा जहाजावरचे लोक केबिनच्या तिजोरीतले पासपोर्ट काढून त्याच्याकडे देऊन जातात. मग इन्शुरन्सला फोन, आणि पुढच्या पोर्टचं तिकीट काढायच्या आधी कंपनीला विचारा की तिथून चढू देणार का, कारण काही देशांच्या नियमांमुळे मधल्या पोर्टवरून चढता येत नाही किंवा दंड लागतो. पोर्ट चुकणं कव्हर होतं का हे इन्शुरन्स घेतानाच वाचायचं.

शेवटचे दोन दिवस

शेवटून दुसऱ्या दिवशी ॲपवर किंवा टीव्हीवर पूर्ण बिल उघडा आणि ओळ न ओळ बघा. न प्यायलेली मिनीबारची बाटली, दोनदा लागलेलं वायफाय, रद्द झालेल्या टूरचा न आलेला परतावा हे सगळं निघतं. एखादा पोर्ट रद्द झाला असेल तर त्याचे पोर्ट टॅक्स साधारणपणे खात्यावर परत जमा होतात, रक्कम छोटी असते पण बघा. ग्रीसमधे जुलै २०२५ पासून उतरणाऱ्या प्रत्येकावर क्रूझ शुल्क आहे, सॅंटोरिनी-मिकोनोसला सीझनमधे २० युरो, ते बिलात दिसलं तर चूक समजू नका. तक्रार असेल तर त्याच दिवशी दुपारी जा. बिलाची पीडीएफ स्वतःला मेल करून ठेवा आणि घरी गेल्यावर कार्डाच्या स्टेटमेंटशी जुळवा, होल्ड सुटायला आठवडाभर लागू शकतो, त्यानंतरही दोन रकमा दिसल्या तर कंपनीच्या आधी बँकेला ती पीडीएफ पाठवा.